गाडीचं फ्लायव्हील: ते करतं काय, बिघडतं कसं आणि गिअरबॉक्स उतरल्यावर काय बघायचं

पहिल्यांदा क्लच बदलला तेव्हा गॅरेजच्या बिलावर तीन ओळी होत्या: क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग. महिनाभर गाडी छान चालली. मग एका सकाळी पार्किंगमधून काढताना, पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला आणि पुन्हा तीच थरथर. गाडीला हुडहुडी भरावी तशी. दुसऱ्या खेपेला मी दुसऱ्याच मिस्त्रीकडे गेलो आणि स्टूल टाकून शेजारी बसून राहिलो. त्याने गिअरबॉक्स उतरवला, क्लच खोलला आणि एक जड काळपट चकती दोन्ही हातांनी काढून गोणपाटावर ठेवली. फडक्याने पुसली. म्हणाला, "साहेब, नख फिरवून बघा."

नख तीन ठिकाणी अडलं. अडलं तिथे मोराच्या मानेसारखे निळे-जांभळे डाग होते आणि त्यातल्या एका डागात केसाएवढी चीर. "तवा असा असल्यावर कितीही चांगली पोळी टाका," तो म्हणाला, "करपणारच."

ती चकती म्हणजे फ्लायव्हील. पहिल्या गॅरेजने तिला हातच लावला नव्हता. त्यानंतर या एका भागाच्या मागे लागून मी बरंच वाचलं आणि आणखी दोन-तीन गाड्यांचे गिअरबॉक्स उतरताना बाजूला उभा राहिलो. त्यातून एक गोष्ट पक्की कळली: फ्लायव्हील सहसा आपल्या मरणाने मरत नाही, त्याला कुणीतरी मारतं. गळकं सील, हाफ क्लचवर ठेवलेला पाय, अर्धमेली बॅटरी, मिसफायर करणारं इंजिन. मारेकरी सापडला नाही तर नवं फ्लायव्हीलही त्याच वाटेने जातं. म्हणून खाली फ्लायव्हीलइतकीच चर्चा त्याच्या शेजाऱ्यांचीही आहे.

जातं, कडबाकुट्टी आणि चार सिलिंडर

जात्यावर दळताना हाताचा जोर फेऱ्याच्या एका भागातच लागतो. उरलेला फेरा वरचा दगड आपल्या वजनाच्या जोरावर पुरा करतो. दगड हलका असता तर प्रत्येक फेऱ्याला हात अडखळला असता. हाताने फिरवायच्या कडबाकुट्टीचं मोठं बिडाचं चाकही हेच करतं. पातं कडब्यात शिरताना जो जादा जोर लागतो, तो आधीच चाकात साठलेला असतो.

इंजिनाची अडचण तीच आहे. फोर-स्ट्रोक इंजिनात एक सिलिंडर क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, दोन फेऱ्यांत एकदाच ताकद देतो. हवा ओढणं, ती दाबणं आणि धूर बाहेर टाकणं ही बाकीची तीन कामं ताकद खातात. चार सिलिंडर असले तर दर अर्ध्या फेऱ्याला एक धक्का मिळतो, तीन असले तर दर २४० अंशांनी. आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता इंजिन नुसतं चालू असताना, ८०० आरपीएमला (मिनिटाला ८०० फेरे) चार सिलिंडरच्या क्रँकला सेकंदाला २६-२७ धक्के बसतात, तीन सिलिंडरच्या क्रँकला २०. दोन धक्क्यांच्या मधल्या फटीत क्रँकचा वेग पडतो. ती फट भरायला क्रँकच्या मागच्या टोकाला बोल्टने घट्ट बसवलेली जड चकती म्हणजे फ्लायव्हील.

एकच सिलिंडर असेल तर हा प्रकार डोळ्यांना दिसतो. मळ्यात विहिरीवर बसवलेलं जुनं डिझेल इंजिन आठवा. बाहेर गरगरणारं अजस्र चाक, आणि चालू करताना डिकॉम्प्रेशनची (सिलिंडरमधला दाब सोडून देणारी) कळ उचलून हँडल मारत राहायचं. चाकाने वेग घेतला की कळ सोडायची. त्या क्षणी पिस्टनला दाबातून पार नेणारा जोर माणसाच्या दंडाचा नसतो, चाकाचा असतो.

आता थोडा हिशेब. समजा चकती ८ किलोची, २८ सेंटीमीटर व्यासाची आणि सगळीकडे सारख्या जाडीची आहे. ८०० आरपीएमला तिच्यात साधारण २७५ ज्यूल ऊर्जा असते. ३००० आरपीएमला तीच सुमारे ३,९०० ज्यूल होते. वेग पावणेचार पट, ऊर्जा चौदा पट, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ३,९०० ज्यूल म्हणजे एक टनाची गाडी जमिनीपासून सुमारे ४० सेंटीमीटर उचलायला लागणारी ऊर्जा. पायाजवळ, पत्र्यापलीकडे एवढं काही फिरत असतं हे एकदा कळलं की त्याच्या ढिल्या बोल्टकडे दुर्लक्ष करवत नाही. अमेरिकेत ड्रॅग रेसिंगच्या अनेक वर्गांत क्लच आणि फ्लायव्हीलभोवती पोलादी कवच सक्तीचं आहे ते याचसाठी.

वेग सारखा ठेवण्याखेरीज फ्लायव्हीलकडे आणखी तीन कामं आहेत. त्याच्या काठावर दातेरी पोलादी रिंग असते. सेल्फ मारला की सेल्फचा छोटा दातेरी गिअर या रिंगमध्ये अडकतो आणि इंजिन फिरवतो. छोट्या गिअरला नऊ-दहा दाते, रिंगला शंभराच्या वर, म्हणून छोटीशी मोटर अख्खं इंजिन हलवू शकते. दुसरं काम क्लचला बैठक देण्याचं. क्लच प्लेट एका बाजूने तिला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटला आणि दुसऱ्या बाजूने थेट फ्लायव्हीलच्या तोंडाला घासते. तिसरं काम बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. काही गाड्यांत क्रँक सेन्सर, म्हणजे क्रँक कुठे आहे हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळवणारा भाग, फ्लायव्हीलवरच्याच खाचा मोजतो. त्या खाचा खराब झाल्या किंवा चकती चुकीच्या कोनात बसली तर इंजिन चालूच होत नाही, आणि मग लोक आधी टाकीतला पेट्रोलचा पंप बदलून बघतात.

तुमच्या गाडीत कोणतं आहे?

हे आधी ठरवा, कारण पुढचा सगळा खर्च यावर आहे.

बहुतेक छोट्या पेट्रोल मॅन्युअल गाड्यांत एकसंध फ्लायव्हील असतं. बिडाची किंवा पोलादाची एकच चकती, बस. एएमटी गाड्यांतही साधारण हेच असतं. तिथे क्लचचा पेडल नसतो, पण क्लच असतो आणि तो एक यंत्र दाबतं. एएमटी घेऊन चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवणारे लोक हे विसरतात आणि क्लच जाळतात.

बऱ्याच डिझेल एसयूव्हींत आणि महागड्या गाड्यांत ड्युअल मास फ्लायव्हील असतं. त्याच्या दोन चकत्या: एक क्रँकला जोडलेली, दुसरीवर क्लच बसवलेला. मध्ये ग्रीसमध्ये बुडालेल्या लांब, वक्र स्प्रिंगा. डिझेलचे धक्के दांडगे असतात आणि ते जसेच्या तसे गिअरबॉक्समध्ये गेले तर दात खडखडतात. स्प्रिंगा ते पिऊन टाकतात. यात एक मेख आहे. प्रत्येक स्प्रिंग-वजनाच्या जोडीचा एक वेग असा असतो की त्या वेगाला थरथर कमी होण्याऐवजी वाढते. ड्युअल मासमध्ये हा वेग मुद्दाम आयडलच्या खाली ढकललेला असतो, म्हणजे चालत्या गाडीत तो कधी गाठला जाऊ नये. पण इंजिन चालू होताना आणि बंद होताना त्यातून जावंच लागतं. म्हणून झिजलेलं ड्युअल मास चालू-बंद करतानाच सर्वात जास्त वाजतं. म्हणूनच अर्धमेल्या बॅटरीवर कुं-कुं करत दहा सेकंद सेल्फ मारणं त्याला फार महागात पडतं. त्या काळात बिचारं नेमकं नको त्या वेगाला हिंदकळत असतं.

टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिक गाड्यांत जड फ्लायव्हीलऐवजी पातळ पोलादी फ्लेक्स प्लेट असते, वजनाचं काम तेलाने भरलेला कन्व्हर्टर करतो. तिला चीर गेली की आयडलला टकटक येते. इलेक्ट्रिक गाडीला यातलं काहीच नाही.

गॅरेजला जाण्याआधी

गिअरबॉक्स उतरवणं हेच या कामातलं मोठं मजुरीचं काम. ते उगाच होऊ नये म्हणून आधी घरी पुढच्या तपासण्या करा. अर्धा तास लागतो, शेवटच्या तपासणीला तेवढी एक रात्र.

पहिली: आवाज. गाडी गरम, सपाट जागा, हँडब्रेक लावलेला, न्यूट्रल, एसी आणि पंखा बंद, काचा खाली. पाय क्लचवरून पूर्ण काढा आणि अर्धा मिनिट ऐका. मग क्लच हळूहळू तळापर्यंत दाबा. क्लच दाबल्यावर आवाज सुरू झाला तर संशय रिलीज बेअरिंगवर, म्हणजे पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटला रेटणाऱ्या बेअरिंगवर. उलट, दाबल्यावर आवाज गेला तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (क्लचकडून ताकद आत नेणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग, किंवा ड्युअल मास असेल तर फ्लायव्हील. मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. गॅरेजमध्ये गाडी पोचली की आवाज हमखास गायब होतो, हा माझा तरी अनुभव आहे.

दुसरी: बंद करताना. न्यूट्रलमध्ये चावी बंद करा. इंजिन थांबताना खालून 'घडाड' किंवा दोन-तीन ठोके आले तर ड्युअल मास किंवा इंजिनाची माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं ते रबरी आधार. माउंटिंग गेली असेल तर बॉनेट उघडून कुणालातरी चालू-बंद करायला सांगितलं की इंजिन डोळ्यांनी उडताना दिसतं. माउंटिंग स्वस्त असते. आधी तीच तपासा.

तिसरी: थरथर. पहिल्या गिअरमध्ये आणि मग रिव्हर्समध्ये, ॲक्सिलरेटर जवळजवळ न देता क्लच सावकाश सोडा. क्लच धरायला लागल्यापासून पूर्ण सुटेपर्यंतच थरथर आणि त्यानंतर गाडी शांत, असं असेल तर क्लच प्लेट, फ्लायव्हीलचं तोंड किंवा त्यावर आलेलं तेल. पावसाळ्यातली एक गंमत लक्षात ठेवा. कोकणात किंवा मुंबईत गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली तर फ्लायव्हीलच्या तोंडावर हलका गंज चढतो. मग पहिले पाच-सात वेळा क्लच सोडताना गाडी थरथरते आणि गंज घासला गेला की आपोआप थांबते. यासाठी गिअरबॉक्स उतरवायचा नसतो.

चौथी: घसरण. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० वर गाडी आणा आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा उडी मारून पुढे गेला आणि वेग मागे राहिला, तर क्लच घसरतोय. ही परीक्षा एकदा किंवा फार तर दोनदा करा. घसरणारा क्लच फ्लायव्हीलचं तोंड भाजून काढतो, आणि दहा वेळा खात्री करून घेण्याच्या नादात लोक तेच भाजत बसतात.

पाचवी: सेल्फ. हा भाग मला सर्वात आवडतो, कारण इथे नुसत्या तर्काने निदान होतं. इंजिन बंद होताना कुठेही थांबत नाही. कुठला तरी सिलिंडर हवा दाबायला लागतो, तिचा दाब क्रँकला मागे रेटतो आणि क्रँक ठरावीक जागी स्थिरावतो. चार सिलिंडरला अशा जागा रिंगवर दोनच, समोरासमोर. तीन सिलिंडरला तीन. म्हणजे गाडीच्या आयुष्यभर सेल्फचा गिअर रिंगच्या त्याच त्या दोन-तीन जागी येऊन आदळतो. बाकीचे दाते नवे कोरे, तेवढेच झिजलेले. त्यामुळे झिजलेली रिंग 'कधी लागते, कधी घर्र करते' अशी वागते.

घर्र झालं की चावी काढा, सपाट जागी, ब्रेकवर एक माणूस बसवून गाडी चौथ्या गिअरमध्ये टाका आणि वीत-दीड वीत पुढे ढकला. क्रँक थोडा सरकतो. न्यूट्रलला आणून पुन्हा सेल्फ मारा. आता पहिल्या झटक्यात लागली तर रिंगचे दाते गेलेत. ढकलूनही घर्र कायम असेल तर दोष सेल्फमध्ये, म्हणजे त्याच्या बेंडिक्समध्ये (छोट्या गिअरला रिंगकडे सरकवणाऱ्या भागात). नुसतं 'टक' होऊन काहीच फिरत नसेल तर बॅटरी आणि तिची टर्मिनलं आधी. बेंडिक्सचं काम सेल्फ काढून होतं, रिंगचं काम गिअरबॉक्स उतरवून. दोन्हींच्या मजुरीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सहावी: तेल. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात त्या सांध्याखाली रात्रभर पुठ्ठा ठेवा. सकाळी डाग दिसला तर बोटाने वास घ्या. गंधकासारखा उग्र वास म्हणजे गिअर ऑइल, गिअरबॉक्सचं पुढचं सील गेलंय. साधं इंजिन ऑइल असेल तर क्रँकचं मागचं सील. दोन्ही तेलं शेवटी क्लचवरच पोचतात.

गाडी जागेवरच ठेवायची तेव्हा

एक आवाज या सगळ्यांहून वेगळा आहे. इंजिनाच्या मागच्या बाजूने येणारी जड, धातूवर धातू आपटल्यासारखी ठकठक, जी रेस दिली की वाढते आणि क्लच दाबताना तिचा सूर बदलतो. ती फ्लायव्हीलच्या ढिल्या बोल्टची असू शकते. हा आवाज बिग एंड बेअरिंग (पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतो तिथलं) गेल्यासारखाच येतो, त्यामुळे इंजिन खोलण्याची तयारी सुरू होण्याआधी मिस्त्रीला 'सेल्फ काढून तिथून फ्लायव्हील हलवून बघता का' एवढं विचारा. बोल्ट ढिले राहिले तर भोकं लंबगोल होतात, क्रँकचं टोक खराब होतं आणि काही हजारांचं काम क्रँक बदलण्यावर जातं. बोल्ट तुटलेच तर ती फिरती चकती तिच्याभोवतीच्या धातूच्या कवचात मोकाट सुटते. गाडी ढकलत किंवा टो करून न्या. 'एवढं घाटातून उतरून घरी नेतो' हा विचार सोडा.

गिअरबॉक्स उतरल्यावर

शक्य असेल तर त्या वेळी स्वतः हजर राहा, नाहीतर फोटो मागा. गिअरबॉक्स खाली आहे तोवरच हे सगळं बघता येतं.

काम साधारण असं चालतं. बॅटरीची निगेटिव्ह सोडतात, सेल्फ, ॲक्सल आणि गिअरच्या केबल्स निघतात, इंजिनाला खालून आधार देऊन गिअरबॉक्स मागे ओढून उतरवतात. प्रेशर प्लेटचे बोल्ट एकदम न काढता समोरासमोरचे थोडे थोडे ढिले करायचे असतात, नाहीतर प्लेट वाकते. मग फ्लायव्हील लॉक करून त्याचे बोल्ट. शेवटच्या बोल्टच्या आधी एक लांब गाइड पिन लावली की चकती अचानक निसटत नाही. आठ-दहा किलोचं बीड पावलावर पडलेला माणूस मी बघितलाय, म्हणून हे सांगतोय.

चकती हाती आली की क्रमाने बघा.

तोंडावरचा रंग. एकसारखा करडा, हलके गोल ओरखडे: ठीक. निळे-जांभळे डाग: तिथलं तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्यावर गेलंय. आरशासारखी चकाकी: क्लच बराच काळ घसरत होता. मध्यापासून काठाकडे जाणाऱ्या बारीक चिरा असतील तर दोन प्रकार असतात. वरवरच्या केसासारख्या चिरा घासून जातात. नख अडकेल अशी किंवा बोल्टच्या भोकापर्यंत पोचलेली चीर असेल तर ती चकती भंगारात, वाद न घालता.

सपाटपणा. तोंडावर पोलादी पट्टी आडवी ठेवून खालून फीलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पाती) सरकवायचा. मग इंजिनावरच डायल गेज लावून चकती फिरवायची आणि डोल किती ते बघायचं. बऱ्याच छोट्या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये डोलाची मर्यादा ०.२ मिमी दिलेली असते. तुमच्या मॉडेलचा आकडा तुमच्या मॅन्युअलमधूनच घ्या. केस ०.०७ मिमीच्या आसपास जाड असतो, म्हणजे तीन केसांएवढा डोलही क्लचला थरथरवायला पुरतो.

रिंग. पूर्ण फेरी बघा, एकच बाजू नाही. दोन-तीन ठिकाणचे दाते टोकदार किंवा खचलेले दिसतील.

मागची बाजू. तेलाने ओली असेल तर क्रँकचं सील. ते आत्ताच बदला. सीलची किंमत मजुरीच्या मानाने काहीच नाही, आणि ते वाचवून महिन्याने पुन्हा गिअरबॉक्स उतरवलेले लोक प्रत्येक गॅरेजला ठाऊक असतात. मधलं पायलट बेअरिंग (इनपुट शाफ्टचं टोक टेकतं ते) असेल तर तेही बोटाने फिरवून बघा.

ड्युअल मास असेल तर दोन मोजमापं जास्त. वरची चकती हाताने फिरवून ती किती अंश सैल फिरते आणि काठाला धरून ती किती डोलते. या दोन्हींच्या मर्यादा मॉडेलगणिक वेगळ्या असतात. थोडी सैल फिरणं हा दोष नाही, तिची रचनाच तशी आहे. चांगली चकती 'फिरते' म्हणून बदलायला लावणारेही भेटतात. अशा वेळी आकडा मागा. ग्रीस बाहेर उडून भोवतीच्या कवचाच्या आत काळी रांगोळी निघाली असेल, तर मात्र मोजायचीही गरज नाही.

दुरुस्त करायचं की बदलायचं

एकसंध फ्लायव्हील मर्यादेत असेल तर तोंड घासून घेता येतं. गॅरेजच्या भाषेत फेसिंग मारणं. ते सरफेस ग्राइंडरवर झालं तर उत्तम. लेथवरही होतं, पण भाजून कडक झालेल्या निळ्या डागावर लेथचं हत्यार उडी मारतं आणि तिथे उंचवटा राहतो. थोड्याच दिवसांत थरथर परत. कमीत कमी जाडी काढायला सांगा. काही चकत्यांत प्रेशर प्लेट बसते ती कड आणि क्लच घासतो तो भाग वेगवेगळ्या उंचीवर असतात. तिथे दोन्ही ठिकाणांहून सारखीच जाडी काढावी लागते, नाहीतर प्रेशर प्लेटचा दाब बदलतो. मशीनवाल्याला हे माहीत असतं, पण सांगून ठेवलेलं बरं.

रिंग एकटी बदलता येते. जुनी रिंग दोन दातांमध्ये अर्धवट भोक पाडून छिन्नीने फोडतात. नवी रिंग साधारण २०० ते २२० अंशांपर्यंत सगळीकडून सारखी तापवायची. ती फुगते आणि अलगद बसते, गार झाली की आवळते. तापमापक नसेल तर घासून चकचकीत केलेल्या जागेचा रंग बघतात: गव्हाच्या काडीसारखा फिकट पिवळा झाला की पुरे. निळी झाली तर दातांचा कडकपणा गेला समजा. आणि पाणी मारून गार करायची नाही. दातांची उतरती कड सेल्फच्या गिअरकडे हवी. जुने मिस्त्री नवी रिंग न घेता तीच रिंग काढून पाव फेरा सरकवून बसवायचे, म्हणजे झिजलेले दाते बाजूला आणि कोरे दाते सेल्फसमोर. चार सिलिंडरला ही युक्ती आजही चालते. सुटा भाग मिळत नसलेल्या जुन्या गाडीसाठी तर सोन्यासारखी.

ड्युअल मास सहसा दुरुस्त करत नाहीत, बदलतात. त्याची किंमत ऐकून बरेच जण एकसंध फ्लायव्हीलचं किट लावून घेतात. लागतं, गाडी चालतेही. पण जे धक्के स्प्रिंगा पीत होत्या ते आता थेट गिअरबॉक्समध्ये जातात. आयडलला खडखड येते आणि जास्त ताकदीच्या डिझेलमध्ये गिअरबॉक्सचं आयुष्य कमी होण्याचा धोका असतो. दोन वर्षांत विकायची गाडी असेल तर लोक हा सौदा करतात. लांब पल्ल्यासाठी ठेवायची असेल तर मी करणार नाही.

कुणी 'हलकं फ्लायव्हील लावा, पिकअप वाढेल' म्हणालं, तर त्याला ट्रॅफिकमध्ये दहा किलोमीटर ती गाडी चालवून दाखवायला सांगा. आरपीएम झटकन चढतो, हे खरं. तसाच झटकन पडतोही, आणि सिग्नलला गाडी बंद पडत राहते.

परत बसवताना

तोंडावर बोटाचा तेलकट ठसाही नको, ब्रेक क्लीनरने पुसून कोरडं करा. बोल्ट नवे वापरा. बऱ्याच गाड्यांचे बोल्ट आवळताना किंचित ताणले जाणारे असतात आणि ते दुसऱ्यांदा भरवशाचे राहत नाहीत. ते टॉर्क रेंचने, समोरासमोरच्या क्रमाने, मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळायचे. काही गाड्यांत त्यानंतर ते ठरावीक अंशांनी आणखी फिरवायचेही असतात. ज्या इंजिनात बोल्टची भोकं आरपार आत जातात, तिथे बोल्टच्या आट्यांना सीलंट लावलं नाही तर तेल बोल्टवाटे झिरपतं आणि सील बदलूनही गळती थांबत नाही.

क्लच प्लेटला बाजू असते, बहुतेकदा तिच्यावर लिहिलेलं असतं. अलाइनमेंटच्या दांडीने ती मध्यावर आणायची आणि गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन क्लच प्लेटवर लोंबकळू द्यायचं नाही. असं लोंबकळून वाकलेली नवी प्लेट पहिल्या दिवसापासून थरथरते आणि दोष फ्लायव्हीलच्या माथी जातो.

आता मारेकऱ्याकडे. तेल होतं तर सील बदललं का? डिझेल फवारणारा एखादा इंजेक्टर नीट चालत नसेल तर तो दुरुस्त झाला का? बॅटरी सेल्फला जोरात फिरवते का? हे तीनही ठीक असतील तर उरतो आपला पाय. घाटात गाड्यांची रांग लागली की पुढची गाडी वीतभर सरकली म्हणून हाफ क्लचवर लटकत राहू नका. हँडब्रेक लावा, दोन-तीन गाड्यांची जागा होऊ द्या, मग पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून पुढे जा. बेसमेंट पार्किंगच्या उतारावर रिव्हर्स घेत वर चढणं तर क्लचचं स्मशान आहे. तिथे गाडी सरळ तोंडाने बाहेर निघेल अशी लावा. आणि डिझेल एसयूव्ही पाचव्या गिअरमध्ये हजार-अकराशे आरपीएमवर गुरगुरत चढवू नका. त्यात वाचणारं डिझेल ड्युअल मासच्या स्प्रिंगांतून वसूल होतं.

नवा क्लच बसल्यावर पहिले ३००-५०० किलोमीटर शहरातल्या साध्या चालीने काढा, ओझं आणि मोठे चढ टाळा. त्यानंतर सुरुवातीच्या सहाही तपासण्या तशाच पुन्हा करा. पहिल्या दिवसाचं रेकॉर्डिंग फोनमध्ये असेलच, ते लावून शेजारी नवा आवाज ऐका. माझ्या फोनमध्ये दोन्ही अजून आहेत. पहिल्यात डॅशबोर्डवरचा गणपतीसुद्धा थरथरताना ऐकू येतो.